रक्ताचा माग

गेल्या वर्षीं आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांस पर्वतीच्या पायऱ्या चढतांना छातींत आवळल्यासारखें होऊं लागलें. तीस वर्षें न चुकतां पर्वती चढलेला हा मनुष्य! त्यांनीं तो वाताचा विकार ठरवून कांहीं दिवस ओव्याचा अर्क घेतला. अखेर मुलानें जवळजवळ ओढीतच त्यांस हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे नेलें. सी. टी. यंत्रानें काढलेल्या चित्रांत हृदयाची एक रोहिणी मध्येंच निम्म्याहून अधिक अरुंद झालेली दिसली. घरांतील मंडळींस वाटलें, आतां नळी घालून ती रुंद करणें हाच मार्ग. परंतु डॉक्टर म्हणाले, "थांबा. वाट अरुंद आहे खरी. पण त्या वाटेनें जाणारें रक्त पुढें कमी पडतें कीं नाहीं, हें ह्या चित्रावरून कळत नाहीं. तें पाहावयाचें तर दुसरी परीक्षा केली पाहिजे." ती परीक्षा म्हणजे आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, सकाळीं फिरत्या पट्ट्यावर चालणें, चांगला दम लागला कीं शिरेंत एक सुई, आणि मग एका मोठ्या यंत्राखालीं हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहणें. चहा बंद होणें हेंच आमच्या स्नेह्यांस सर्वांत मोठें संकट वाटलें होतें. परंतु सुईंतील द्रव किरणोत्सर्गी आहे असें कळतांच ते चहाहि विसरले. "अहो, जें हिरोशिमावर टाकलें तेंच माझ्या अंगांत घालतां कीं काय?" असें त्यांनीं तेथील तंत्रज्ञास विचारलें. तंत्रज्ञ हंसला आणि "नाहीं हो आजोबा," एवढेंच म्हणाला.

वास्तविक प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचें सरळ उत्तर द्यावयाचें तर शंभर वर्षांहून अधिक मागें जावें लागतें.

पण त्याआधीं हृदयाच्या संसाराविषयीं दोन शब्द. हृदय सबंध शरीरास रक्त पुरवितें. परंतु त्याच्या स्वतःच्या पोकळ्यांतून अहोरात्र वाहणाऱ्या रक्तावर त्याच्या जाड भिंतींचें पोषण होत नाहीं. महारोहिणीच्या उगमापाशींच दोन लहान रोहिण्या फुटतात, हृदयास मुकुटासारख्या वेढतात आणि फांद्या फुटत फुटत स्नायूंत शिरतात. त्या रक्तावर हृदयाचा निर्वाह. बागायत करणाऱ्यास ही गोष्ट चटकन् पटेल. पाट कोठें किती रुंद आहे हें बांधावर उभें राहून दिसतें, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोंचलें कीं नाहीं हें वाफ्यापाशीं गेल्यावांचून समजत नाहीं. १९५८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें डॉ. मेसन सोन्स ह्यांनीं हृदयाच्या रोहिणींत रंगद्रव्य सोडून तिचें क्ष-किरणचित्र घेतलें. तें घडलें चुकून, पण तेव्हांपासून हृदयाचे पाट डोळ्यांस दिसूं लागले. वाफा पाहण्याची विद्या मात्र अगदीं वेगळ्या घराण्यांतील आहे, आणि तिचा मूळपुरुष वैद्य नसून रसायनशास्त्रज्ञ होता.

१९११ सालीं जॉर्ज हेवेशी नांवाचा एक हंगेरियन तरुण मँचेस्टर येथें रदरफर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाला. रदरफर्ड ह्यांच्यापाशीं पुष्कळसें शिसें पडून होतें आणि त्यांत 'रेडियम-डी' नांवाचें किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेलें होतें. शिशांतून तें वेगळें काढण्याचें काम हेवेशीकडे आलें. त्यानें जंग जंग पछाडलें, पण यश म्हणून आलें नाहीं. येणें शक्यच नव्हतें, कारण रेडियम-डी हें शिशाचेंच एक रूप, ज्यास आतां आपण समस्थानिक म्हणतों, तें होतें. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून गप्प बसला असता. हेवेशीनें विचार केला तो असा कीं, हें द्रव्य शिशापासून कोणत्याहि उपायानें वेगळें होत नसेल तर शिसें जेथें जाईल तेथें तेंहि जाईल, आणि तें तर आपल्या किरणांनीं आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतें. अपयशाचेंच त्यानें साधन केलें. १९१३ मध्यें व्हिएन्ना येथें फ्रिट्झ पानेथ ह्यांच्यासह त्यानें ही कल्पना प्रयोगानें सिद्ध केली, आणि पुढें १९४३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यास ह्याच कामगिरीबद्दल मिळालें. त्याच्या खाणावळीची एक गोष्ट सांगतात. मालकीणबाई रविवारचें उरलेलें अन्न पुढच्या दिवसांत पुन्हां पानांत वाढतात असा त्यास संशय होता. त्यानें आपल्या ताटांतील उरलेल्या घासांत गुपचूप थोडें किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलें, आणि पुढें एके दिवशीं वाढलेल्या पदार्थाजवळ उपकरण धरलें तों तें बोलूं लागलें. गोष्टींत तिखटमीठ किती असेल तें असो. माग काढण्याची सारी विद्या तींत आली आहे.

ही विद्या प्रथम मनुष्याच्या शरीरांत नेली ती बोस्टनच्या डॉ. हर्मन ब्लुमगार्ट ह्यांनीं, १९२५ च्या सुमारास. तेव्हां त्यांचें वय अवघें तिशीचें होतें. त्यांचा प्रश्न साधा होता: रक्त एका हातापासून निघून हृदय, फुप्फुसें, पुन्हां हृदय असा प्रवास करून दुसऱ्या हातास किती वेळांत पोंचतें? हृदय दुर्बळ झालें असतां हा वेळ वाढत असला पाहिजे असें सर्वांस वाटे. ब्लुमगार्ट ह्यांनीं आधीं आपल्याला हव्या त्या द्रव्याचीं लक्षणेंच ठरविलीं. तें विषारी नसावें. शरीरांत एरव्हीं सांपडणारें नसावें. अत्यल्प असतांहि त्याचा पत्ता लागावा. आणि काम झाल्यावर तें लवकर नाहींसें व्हावें. ह्या कसोट्या आजहि जशाच्या तशा लागू आहेत, आणि मला तर त्यांच्या प्रयोगापेक्षांहि ह्या चार अटी अधिक मोलाच्या वाटतात. त्यांनीं 'रेडियम-सी' निवडलें. त्याचें तेज वीस मिनिटांत निम्म्यावर येतें. ऑटो येन्स हा वैद्यकाचा विद्यार्थी त्यांच्या मदतीस होता. एका दंडाच्या शिरेंत द्रव सोडावयाचा, दुसरा हात जाड शिशाच्या आडोशापलीकडे विल्सनच्या मेघपेटीजवळ ठेवावयाचा, आणि पेटींतील वाफेंत किरणांच्या पांढऱ्या रेषा उमटूं लागल्या कीं वेळ टिपून घ्यावयाचा. निरोगी मनुष्यांत हा प्रवास सरासरी अठरा सेकंदांच्या आसपास होतो असें दिसलें. ज्यांचें हृदय थकलें होतें त्यांच्यांत तो पुष्कळ लांबला. १९२७ मध्यें हे निबंध प्रसिद्ध झाले. सोमा वाइस ह्यांच्यासह ब्लुमगार्ट ह्यांनीं हें काम पुढें चालविलें. रोग्याच्या तक्रारीशिवाय आणि वैद्याच्या कानाशिवाय हृदयाची गति सांगणारा एक तिसरा साक्षीदार त्या खोलींत प्रथम उभा राहिला.

त्यानंतर वीस वर्षें ह्या वाटेवर फारशी वर्दळ नव्हती. १९४८ सालीं लॉस एंजेलिसचे डॉ. मायरन प्रिन्झमेटल व त्यांचे सहकारी ह्यांनीं किरणोत्सर्गी सोडियम शिरेंतून देऊन छातीवर गायगर यंत्र ठेवलें, आणि हृदयाच्या उजव्या व डाव्या बाजूंतून तें जात असतां उमटणारी दोन शिखरांची रेषा कागदावर घेतली. पण रेषा म्हणजे चित्र नव्हे. चित्रासाठीं दोन गोष्टी हव्या होत्या: शरीराबाहेर येणारे किरण कोठून आले हें ओळखणारा डोळा, आणि तो डोळा ओळखील असें द्रव्य. डोळा आधीं आला. १९५१ मध्यें बेनेडिक्ट कॅसन ह्यांनीं शेतांत नांगर चालवावा तसा अंगावरून तासामागून तास फिरणारा शोधक बनविला; तो चांगला होता, पण हृदयासारख्या अखंड हलणाऱ्या इंद्रियास तो फार मंद पडे. त्याच दशकाच्या अखेरीस बर्कले येथें हॅल अँगर ह्यांनीं एका स्फटिकाच्या मोठ्या तबकडीमागें प्रकाशनलिका लावून सबंध क्षेत्र एकदम पाहणारा कॅमेरा तयार केला. आमचे स्नेही ज्याच्याखालीं पडून होते तें यंत्र त्याच कॅमेऱ्याचें पणतवंड.

द्रव्याची कथा अधिक रंजक आहे. मेंडेलीफच्या कोष्टकांत त्रेचाळिसावें घर कित्येक वर्षें रिकामें होतें. १९३७ सालीं सिसिलींतील पालेर्मो येथें एमिलिओ सेग्रे ह्यांस अमेरिकेहून लॉरेन्स ह्यांच्याकडून टपालानें मॉलिब्डेनम धातूचा एक पत्रा आला. सायक्लोट्रॉन यंत्रांत तो दीर्घकाळ कणांचा मारा खात होता. टाकाऊ म्हणावा असा हा पत्रा. सेग्रे आणि खनिजशास्त्रज्ञ कार्लो पेरिए ह्यांनीं त्यांतून त्रेचाळिसाव्या घराचा धनी शोधून काढला. मनुष्यानें कृत्रिम रीतीनें मिळविलेलें हें पहिलें मूलद्रव्य. म्हणून पुढें त्याचें नांव 'कृत्रिम' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून टेक्नेशियम असें ठेवलें. १९३८ च्या उन्हाळ्यांत सेग्रे बर्कलेस गेले असतां इकडे मुसोलिनीनें यहूद्यांविरुद्ध कायदे केले, त्यांची प्राध्यापकी गेली आणि ते तिकडेच राहिले. त्याच वर्षीं ग्लेन सीबोर्ग ह्यांच्यासह त्यांनीं टेक्नेशियमचें एक विशेष रूप ओळखलें, ज्याचें तेज सहा तासांनीं निम्मे होतें आणि ज्याचे किरण ना फार तीव्र, ना फार क्षीण. ब्लुमगार्ट ह्यांच्या चार अटी त्यास जणूं मापानें बसत होत्या. तरी वीस वर्षें त्याकडे वैद्यकाचें लक्ष गेलें नाहीं.

लक्ष गेलें तें ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेंत. तेथें वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन हे दुसऱ्याच एका द्रव्याचें काम करीत असतां त्यांस त्यांत टेक्नेशियमची भेसळ आढळली. भेसळीचें मूळ शोधतां शोधतां त्यांनीं १९५८ मध्यें एक लहानशी कुपी सिद्ध केली. तींत मॉलिब्डेनम ठेवलेलें असतें. त्याचें तेज सहासष्ट तासांनीं निम्मे होतें आणि त्यापासून टेक्नेशियम सतत जन्मास येतें. कुपींतून मिठाचें पाणी सोडलें कीं टेक्नेशियम तेवढें धुऊन बाहेर येतें, मॉलिब्डेनम मागें राहतें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. ह्या कुपीस जगभरच्या प्रयोगशाळांत 'गाय' आणि त्या क्रियेस 'दूध काढणें' असेंच म्हणतात. आमच्या भाषेंत कोणीं बारसें केलें असतें तर ह्याहून वेगळें नांव सुचलें नसतें. तेथील मंडळींनीं ह्या युक्तीचें पेटंट घ्यावें अशी सूचना केली, तेव्हां वरिष्ठ कचेरीनें पेटंटाचा खर्च करण्याजोगी ह्या मालास बाजारांत मागणी दिसत नाहीं असा अभिप्राय दिला. पॉवेल रिचर्ड्स ह्यांनीं मात्र १९६० पासून तिचा पुरस्कार चालविला, आणि शिकागोचे डॉ. पॉल हार्पर व कॅथरिन लॅथ्रॉप ह्यांनीं तिला रोग्याच्या खाटेपर्यंत आणून पोंचविलें. आज जगांतील किरणोत्सर्गी निदानपरीक्षांपैकीं बहुसंख्य ह्या गाईच्या दुधावर चालतात.

तरीहि हृदयाचा वाफा पाहण्यास टेक्नेशियम लगेच उपयोगी पडलें नाहीं. स्नायूंच्या पेशी पोटॅशियम ओढून घेतात. तेव्हां किरणोत्सर्गी पोटॅशियम किंवा त्याचे भाऊबंद वापरावे अशी ती पहिली दृष्टि होती. १९६० नंतरच्या वर्षांत मिशिगनच्या डॉ. एडवर्ड कार ह्यांनीं सीझियम व रुबिडियम वापरून कुत्र्यांच्या व मनुष्यांच्या हृदयांतील मेलेले भाग दाखविले. पण खरी कलाटणी १९७३ मध्यें मिळाली. कॅलिफोर्नियांतील ट्रॅव्हिस नांवाच्या हवाई तळावरील रुग्णालयांत बॅरी झॅरेट आणि विल्यम स्ट्राउस हे दोन तरुण डॉक्टर लष्करी नोकरी करीत होते. त्यांनीं रोग्यांस व्यायाम करावयास लावून, श्रमाच्या शिखरावर असतांना, किरणोत्सर्गी पोटॅशियम दिलें. विश्रांतींत जें हृदय निर्दोष दिसे त्याच्याच चित्रांत श्रमानंतर एक काळा खड्डा उमटला. श्रम हाच दिवा आहे हें त्यांनीं दाखविलें.

असें कां व्हावें ह्याचें शास्त्रीय स्पष्टीकरण दुसऱ्याच वर्षीं डॉ. लान्स गूल्ड ह्यांनीं दिलें. त्यांनीं कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी थोडी थोडी आवळीत नेली व प्रत्येक वेळीं रक्ताचा प्रवाह मोजला. विश्रांतींत असतां रोहिणीचा व्यास शेंकडा पंचाऐशींच्या घरांत आवळला जाईपर्यंत प्रवाह कमी होत नाहीं. पुढच्या बारीक वाहिन्या सैल होऊन तूट भरून काढतात. परंतु प्रवाह वाढविण्याची वेळ आली कीं व्यास निम्मा आवळला असतांच तूट दिसूं लागते. घरांत चार माणसें असतां अडचण भासत नाहीं; लग्नकार्य निघालें म्हणजे विहिरीचें खरें पाणी कळतें, त्यांतलाच हा प्रकार. १९७८ मध्यें गूल्ड ह्यांनींच ज्यांस चालवत नाहीं अशांसाठीं डिपिरिडॅमोल नांवाच्या औषधानें रोहिण्या सैल करून हीच परीक्षा घेण्याची रीत घालून दिली. संधिवातानें जखडलेल्या वृद्धांस आणि अर्धांगाच्या रोग्यांस ह्यामुळें केवढी सोय झाली! चहाबंदीचेंहि कारण येथेंच सांपडतें. ह्या जातीच्या औषधांचा गुण चहा-कॉफींतील कॅफीन हाणून पाडतें.

पोटॅशियमचे किरण कॅमेऱ्यास फार तीव्र पडत. ब्रुकहेवनच्या एलियट लेबोविट्झ ह्यांनीं १९७५ पर्यंत थॅलियम-२०१ हातीं दिलें. तें पोटॅशियमसारखेंच पेशींत शिरतें आणि अँगरच्या कॅमेऱ्यास दिसतें. पुढच्याच वर्षीं ॲम्स्टरडॅमच्या डॉ. फ्रान्स वॅकर्स ह्यांनीं हृदयविकाराचा झटका आल्यानंतर पहिल्या कांहीं तासांत थॅलियम देऊन मृत होत असलेला भाग दाखविला. १९७७ मध्यें डॉ. जेराल्ड पोहोस्ट ह्यांनीं थॅलियमचा एक स्वभाव उपयोगास आणला. श्रमानंतर दिसलेला खड्डा तीन-चार तासांनीं पुन्हां पाहिला तर कांहीं खड्डे भरून येतात, कांहीं तसेच राहतात. भरणारा खड्डा म्हणजे भुकेला पण जिवंत स्नायू, न भरणारा म्हणजे बहुधा वण. एकाच सुईंत भूक आणि मृत्यु ह्यांतील भेद कळूं लागला. १९९० मध्यें टेक्नेशियमलाहि हृदयाच्या पेशींत नेऊन ठेवणारें सेस्टामिबी हें वाहन अमेरिकेंत मान्य झालें; ॲलन डेव्हिसन आणि ॲलन जोन्स ह्यांनीं तें बोस्टनच्या परिसरांत घडविलें होतें. मग कॅमेरे छातीभोंवतीं फिरूं लागले, गणकयंत्रें त्या चित्रांचे काप करूं लागलीं, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याशीं चित्र जुळवून स्नायू किती जोरानें आवळतो हेंहि त्याच बैठकींत मोजतां येऊं लागलें.

आपल्याकडे ह्या विद्येचें रोपटें फार उशिरां लागलें असें मात्र नाहीं. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं पेटली, आणि १९६३ मध्यें मुंबईस परळ येथें अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडलें. वैद्यकाच्या पदवीधरांस ह्या शास्त्राची स्वतंत्र पदविका तेथें १९७३ पासून मिळूं लागली, आणि देशांतील पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉनहि २००२ मध्यें तेथेंच सुरू झालें. पुढें १९८९ मध्यें स्थापन झालेल्या 'ब्रिट' ह्या सरकारी संस्थेकडून देशभरच्या रुग्णालयांस हीं द्रव्यें जातात. परळच्या गर्दींतून जाणाऱ्या किती जणांस ह्या इमारतीची खबर असेल कोण जाणे!

मुंबईशीं संबंध असलेलें आणखी एक नांव ह्या इतिहासांत आहे. शहाबुद्दीन रहिमतुल्ला हे मुंबईंत जन्मले, कराचींत वैद्यक शिकले आणि लॉस एंजेलिस येथें नामांकित हृदयतज्ज्ञ झाले. १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं एक विलक्षण कल्पना पुढें मांडली. रक्त दीर्घकाळ कमी मिळूं लागलें कीं हृदयाचा कांहीं भाग मरत नाहीं, तर हालचाल थांबवून अस्वलानें हिवाळाभर गुहेंत पडून राहावें तसा निजून राहतो. रक्त परत मिळालें तर तो पुन्हां जागा होऊं शकतो. अशा निजलेल्या भागास मेलेल्यापासून ओळखावें कसें? १९८६ मध्यें लॉस एंजेलिसच्याच टिलिश, शेलबर्ट प्रभृति मंडळींनीं किरणोत्सर्गी साखर देऊन 'पेट' यंत्रानें पाहिलें: जो भाग हलत नाहीं पण साखर खातो, तो जिवंत. असे भाग शस्त्रक्रियेनंतर बहुधा हलूं लागले. कल्पना इतकी देखणी होती कीं तिच्यावर विश्वास न ठेवणें कठीण होतें.

येथें इतिहासास वळण लागतें, आणि माझ्या मतें तोच भाग घरोघर माहीत असावयास हवा. चित्र खरें असणें निराळें आणि चित्र पाहून केलेल्या उपायानें आयुष्य वाढणें निराळें. ह्या दोहोंमधील अंतर मोजण्यास कॅमेरा चालत नाहीं. त्यास हजारों रोग्यांस चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वांटावें लागतें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. २००३ मध्यें लॉस एंजेलिसच्या डॉ. हाखामोविच ह्यांनीं १०,६२७ रोग्यांच्या नोंदी तपासून असें सांगितलें कीं, हृदयाचा सुमारें दहावा हिस्सा किंवा अधिक भाग श्रमांत भुकेला राहत असेल तर रोहिणी मोकळी करणारे अधिक जगतात, त्याहून कमी असेल तर औषधांवर राहणारे. जगभरच्या डॉक्टरांनीं हा दहावा हिस्सा प्रमाण धरला. पण त्या नोंदी होत्या. चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. २०११ मध्यें 'स्टिच' नांवाच्या अभ्यासांत ६०१ रोग्यांची जिवंत स्नायूची परीक्षा पाहिली, तेव्हां जिवंत भाग अधिक असलेल्यांस शस्त्रक्रियेचा विशेष लाभ होतो असें सिद्ध झालें नाहीं. आणि २०१९ मध्यें 'इस्किमिया' अभ्यासाचा निकाल आला. ३७ देशांतील ५,१७९ रोगी, त्यांत आपल्या देशांतीलहि. सर्वांच्या परीक्षेंत मध्यम वा तीव्र भूक दिसलेली. निम्म्यांस लगेच रोहिणीचित्रण व जरूर तर नळी किंवा शस्त्रक्रिया, निम्म्यांस आधीं केवळ उत्तम औषधें. तीन वर्षांहून अधिक काळ पाहिल्यावर मृत्यूंत वा झटक्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. ज्यांस छातींत वारंवार दुखे त्यांस मात्र नळीनें व शस्त्रक्रियेनें अधिक आराम पडला. डाव्या मुख्य रोहिणीचा विकार असणारे, नुकताच झटका आलेले, अतिशय थकलेल्या हृदयाचे असे रोगी ह्या अभ्यासांत नव्हते, हें विसरतां कामा नये. त्यांचा न्याय वेगळा.

कित्येकांनीं ह्यावरून अणुचित्रणाची परीक्षाच फोल ठरविली. मला तें अविचाराचें वाटतें. पावसाचा अंदाज खरा ठरूनहि पेरणी फसली, तर दोष अंदाजाचा नव्हे. परीक्षेनें धोका कोणास अधिक, कोणास कमी, हें सांगितलेंच आहे. तिच्यांत दोष न निघालेल्या मनुष्यास पुढील वर्षांत हृदयविकारानें मृत्यु वा झटका येण्याचा संभव सामान्यतः दरसाल शेंकडा एकाहूनहि कमी असतो, ही गोष्ट अनेक अभ्यासांनीं पक्की केली आहे. माझ्या दृष्टीनें तिचा सर्वांत मोठा उपकार हाच: तिनें किती छात्यांवर सुरी चालविली ह्यापेक्षां किती छात्या सुरीपासून वांचविल्या. आमच्या स्नेह्यांच्या चित्रांत हृदयाच्या खालच्या भिंतीचा एक लहानसा तुकडा तेवढा श्रमांत फिका पडलेला दिसला. नळी घातली गेली नाहीं. औषधें चालू आहेत, तंबाखू सुटली आहे, आणि पर्वती ते आतां दोन ठिकाणीं टेकून चढतात.

त्यांच्या हिरोशिमाच्या प्रश्नासहि उत्तर द्यावयाचें राहिलें. टेक्नेशियमच्या नेहमींच्या परीक्षेंत शरीरास सुमारें दहा मिलिसीव्हर्ट इतका किरणांश मिळतो. सृष्टींतूनच प्रत्येकास दरसाल सरासरी अडीचच्या आसपास मिळत असतो. म्हणजे चार वर्षांचा सृष्टीचा वांटा एका सकाळीं. ही गोष्ट भयंकर नाहीं, पण फुकटहि नाहीं. म्हणून तक्रार नसलेल्या, धोका नसलेल्या मनुष्यानें केवळ हौसेनें किंवा कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या नांवाखालीं ही परीक्षा करून घेऊं नये. थॅलियमचा भार ह्याहून जड असे. २००८ च्या सुमारास आलेल्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या नव्या कॅमेऱ्यांनीं थोड्या द्रव्यांत काम भागूं लागलें. आणि 'पेट' परीक्षेंत, जेथें ती मिळते तेथें, भार बराच कमी असून रक्ताचा प्रवाह दर मिनिटास दर ग्रॅम स्नायूस किती, हें आंकड्यांत मिळतें. तिन्ही रोहिण्या सारख्याच अरुंद असल्या कीं जुन्या चित्रांत सगळेंच सारखें फिकें, म्हणून सगळेंच निर्दोष दिसे. तो दोष ह्या मोजणीनें दूर झाला. सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेलें फ्लुरपिरिडॅझ हें द्रव्य दोन तासांच्या आंत निम्मे होतें, तरी दूरच्या सायक्लोट्रॉनवरून रुग्णालयापर्यंत पोंचण्यास तेवढा वेळ पुरतो.

गाईचा मात्र एक धाक आहे: ती साठवून ठेवतां येत नाहीं. मे २००९ मध्यें कॅनडांतील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळें बंद पडली, आणि २०१० च्या आरंभीं हॉलंडमधील पेटेनचीहि दुरुस्तीसाठीं थांबली. जगाचें बरेंचसें मॉलिब्डेनम ह्या दोन भट्ट्यांतूनच येत असे. रुग्णालयांत परीक्षा पुढें ढकलल्या गेल्या, आणि अडगळींत टाकलेलें थॅलियम कित्येकांनीं पुन्हां बाहेर काढलें. कॅनडाची भट्टी त्या वर्षीं ऑगस्टांत पुन्हां सुरू झाली खरी, पण २०१८ मध्यें ती कायमची विझली.

अडगळींतून परत आलेल्या दुसऱ्या एका द्रव्याची हकीगत सांगून हा लेख आटोपतों. १९७४ मध्यें डॅलसच्या डॉ. फ्रेडरिक बाँटे व रॉबर्ट पार्के ह्यांनीं हाडांच्या चित्रासाठीं वापरण्यांत येणारें टेक्नेशियम-पायरोफॉस्फेट हें ताज्या झटक्याच्या जागीं जाऊन बसतें असें दाखविलें. पुढें रक्ताच्या साध्या तपासणीनेंच झटका ओळखूं येऊं लागला आणि ही परीक्षा मागें पडली. परंतु वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध पुरुषांच्या हृदयांत एक विकृत प्रथिन हळूहळू सांचून तें लांकडासारखें ताठर होतें. श्वास लागतो, पाय सुजतात, आणि वयोमानानें असें व्हावयाचेंच म्हणून घरचे व डॉक्टर दोघेहि समजूत घालीत. निश्चित निदानासाठीं हृदयाचा तुकडा काढावा लागे. म्हाताऱ्यांच्या बाबतींत तें बहुधा कोणी करीत नसे. हाडांचीं हीं द्रव्यें त्या प्रथिनास चिकटतात असें इटलींतील बोलोन्या येथील मंडळींनीं २००५ मध्यें दाखविलें, आणि २०१६ मध्यें अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासानें ठरलें कीं, रक्त-लघवींत दुसऱ्या एका प्रथिनाचा दोष नसेल तर हें चित्रच पुरेसें आहे, तुकड्याची गरज नाहीं. २०१९ मध्यें ह्या रोगास आवर घालणारें टॅफॅमिडिस हें औषध अमेरिकेंत मान्य झालें. त्याची किंमत ऐकून मध्यम स्थितींतील कुटुंबाचें हृदय औषधावांचूनच थांबावें अशी आहे. तरी नांव नसलेल्या दुखण्यास नांव मिळालें. आतां सकाळीं त्याच एका गाईचें दूध काढून तंत्रज्ञ एका बाटलींत सेस्टामिबी मिसळतो, दुसरींत पायरोफॉस्फेट, आणि बाहेर बांकावर दोन प्रकारचे म्हातारे, एक छाती धरून आणि दुसरा सुजलेले पाय पसरून, चहाची वाट पाहत बसलेले असतात.